कोकणात राहून मोठ्या कंपनीची सॉफ्टवेअर इंटर्नशिप: मुलाखतीची तयारी, पायरीपायरीने

लोणेरे, आंबव, रत्नागिरी, कणकवली इथे इंजिनिअरिंगला असलेल्या मुलामुलींना एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. मोठ्या कंपनीची मुलाखत म्हणजे मुख्यतः तुम्ही दुसऱ्या माणसाबरोबर बसून प्रश्न कसा सोडवता याची परीक्षा असते. उत्तर बरोबर यायलाच हवं, पण तुमचा विचार समोरच्याला ऐकू आला नाही तर त्याला तुमच्याबद्दल लिहायला काही मिळत नाही. आपल्याकडची मुलं अभ्यासात कमी नाहीत. ती खाली मान घालून गप्प कोड लिहितात आणि तिथेच मागे राहतात. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा बोलत बोलत प्रश्न सोडवण्याला दिली आहे. बाकीच्या पायऱ्या त्या मुलाखतीपर्यंत पोचण्यासाठी आहेत.

पायरी १: कधी आणि कुठे अर्ज करायचा

मोठ्या कंपन्यांची उन्हाळी इंटर्नशिप साधारण मे ते जुलै असते, पण तिची निवड आदल्या वर्षीच्या जुलै ते ऑक्टोबरमध्येच सुरू होते. तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात इंटर्नशिप हवी असेल तर तिसरं वर्ष सुरू होतं तेव्हाच अर्ज गेलेले असले पाहिजेत. तयारीचा खरा काळ त्याआधीचा, दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीचा. मे महिन्यात घरी आंब्याचं काम असतं, पाहुणे असतात, हे मला माहीत आहे. तरी रोजचे दोन तास त्यातून काढावेच लागतात.

अशा कंपन्या कॅम्पससाठी आधी मोठ्या शहरांतल्या कॉलेजांकडे वळतात, त्यामुळे आपल्याला बऱ्याचदा ऑफ-कॅम्पस, म्हणजे कॉलेजमार्फत न जाता थेट कंपनीकडे, अर्जच करावा लागतो. कंपनीच्या वेबसाइटवर करिअर विभाग असतो. तिथे 'इंटर्न' शोधा, नोटिफिकेशन चालू ठेवा आणि जागा निघाली की पहिल्या दोन-तीन दिवसांत अर्ज टाका. पात्रतेच्या अटी नीट वाचा: पदवी पूर्ण होण्याचं वर्ष, सीजीपीए, बॅकलॉग (राहिलेला विषय) चालतो की नाही. तुमच्या कॉलेजचा कुणी दादा किंवा ताई त्या कंपनीत असेल तर रेफरल (कंपनीतल्या माणसाने तुमचं नाव पुढे करणं) मागायला लाजू नका. मागताना 'जॉब असेल तर बघा ना' असं मोघम लिहू नका. जागेची लिंक, जॉब आयडी, रेझ्युमे आणि स्वतःबद्दल तीन ओळी एकाच मेसेजमध्ये पाठवा. समोरच्याचं काम दोन मिनिटांचं झालं तर तो करतो.

पायरी २: एक पान रेझ्युमे आणि एक खरा प्रोजेक्ट

रेझ्युमे एका पानाचा ठेवा. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, छंद, सगळं काढून टाका. शिक्षण, येणाऱ्या भाषा, दोन प्रोजेक्ट, गिटहबची (जिथे तुमचा कोड लोकांना बघता येतो त्या साइटची) लिंक एवढं पुरतं. जे लिहाल त्यातला प्रत्येक शब्द विचारला जाऊ शकतो. एकदाच यूट्यूब बघून चालवलेलं तंत्रज्ञान यादीत लिहिलंत तर पहिला प्रश्न नेमका त्याच्यावर येईल.

प्रोजेक्टबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. सगळ्यांच्या रेझ्युमेवर तीच कामं असतात: लायब्ररी मॅनेजमेंट, टू-डू लिस्ट, हवामान दाखवणारं अ‍ॅप. तुमच्या आजूबाजूला याहून चांगले प्रश्न पडलेले आहेत. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या वेळा दाखवणारं पान, बागायतदाराचा पेट्यांचा हिशेब, गुहागरच्या एखाद्या होमस्टेचं बुकिंग. असं काही बनवून ते खरोखर चार माणसांना वापरायला दिलंत तर बोलायला आपोआप विषय मिळतो, कारण वापरणारे तक्रारी करतात आणि त्या तक्रारींतून तुम्ही शिकता.

होमस्टेचंच उदाहरण घ्या. मुलाखत घेणारा विचारेल, 'दोन जणांनी एकाच क्षणी तीच खोली त्याच तारखेला बुक केली तर काय होईल?' बहुतेकांचा कोड आधी खोली रिकामी आहे का ते बघतो आणि मग बुकिंग लिहितो. या दोन कामांच्या मध्ये दुसरी विनंती घुसू शकते. दोघांनाही खोली रिकामी दिसते आणि दोघांनाही ती मिळते. सोपा उपाय असा: डेटाबेसमध्ये प्रत्येक खोलीच्या प्रत्येक तारखेला एक ओळ ठेवायची आणि खोली व तारीख या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे 'ही जोडी दुसऱ्यांदा लिहायची नाही' असा नियम, लावायचा. मग दुसरं बुकिंग डेटाबेस स्वतःच नाकारतो आणि तुम्ही त्या ग्राहकाला 'खोली आताच गेली' असं सांगू शकता. तीन रात्रींचं बुकिंग असेल तर तिन्ही ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा व्यवहारात) लिहायच्या, म्हणजे दोन रात्री मिळाल्या आणि तिसरी हुकली असं अर्धवट राहत नाही. एवढं नीट सांगता आलं की तुमच्या कॉलेजचं नाव काय हे कुणी लक्षात ठेवत नाही.

पायरी ३: सराव कशाचा

पाया हा, म्हणजे माहिती साठवायच्या आणि शोधायच्या मूळ पद्धती: अ‍ॅरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, स्टॅक, क्यू, लिंक्ड लिस्ट, बायनरी सर्च, ट्री, ग्राफवरचे बीएफएस आणि डीएफएस (ग्राफ फिरण्याच्या दोन पद्धती), हीप. डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची तोंडओळख शेवटी. भाषा एकच पक्की करा, सी++, जावा किंवा पायथॉन यांपैकी कुठलीही. लीटकोड, हॅकररँक, कोडशेफ यांवर सराव फुकट करता येतो आणि एनपीटीईएलवर (आयआयटी वगैरेंच्या ऑनलाइन कोर्सची साइट) डेटा स्ट्रक्चरचे चांगले कोर्स आहेत. महागड्या क्लासची गरज मला तरी वाटत नाही.

प्रश्न किती सोडवले याची संख्या मिरवू नका. एखादा प्रश्न अर्ध्या तासात सुटला नाही तर उत्तर बघा, समजून घ्या, बंद करा आणि आठवड्याने तोच प्रश्न कोऱ्या पानावर पुन्हा सोडवा. दुसऱ्यांदा सुटला तरच तो तुमचा झाला. लीटकोडची साप्ताहिक स्पर्धा आपल्या वेळेनुसार रविवारी सकाळी ८ वाजता असते, दीड तासात ४ प्रश्न. वेळ लावून सोडवण्याची सवय तिथे होते.

भारतातल्या मुलाखतींत डीबीएमएस (डेटाबेस), ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि ओओपी (ऑब्जेक्ट वापरून प्रोग्रॅम रचणं) यांवरही प्रश्न येतात. जॉइन, इंडेक्स, प्रोसेस आणि थ्रेडमधला फरक, डेडलॉक, ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर काय घडतं, एवढं स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.

पायरी ४: ऑनलाइन चाचणी

अर्ज पुढे सरकला की लिंक येते. साधारण ६० ते ९० मिनिटं आणि दोन-तीन कोडिंगचे प्रश्न. कॅमेरा चालू असू शकतो, टॅब बदलला किंवा बाहेरून कोड पेस्ट केला तर त्याची नोंद होऊ शकते. एआयची मदत चालते का हे सूचनांत लिहिलेलं असतं. लिहिलं नसेल तर चालत नाही असंच समजा.

प्रश्न वाचताना शेवटी दिलेल्या मर्यादा आधी बघा. उत्तराची दिशा तिथेच लपलेली असते. सी++ मध्ये एका सेकंदात ढोबळमानाने १० कोटी साध्या क्रिया होतात, पायथॉनमध्ये त्याहून बऱ्याच कमी. यादीत १ लाखापर्यंत आकडे असतील आणि तुम्ही प्रत्येक जोडी तपासायला गेलात तर सुमारे ५०० कोटी जोड्या होतात. वेळ संपलीच म्हणून समजा. तेच काम सॉर्ट करून जमत असेल तर क्रिया साधारण १७ लाखांच्या घरात येतात. मर्यादा १,००० असेल तर मात्र दोन लूपचा साधा उपाय बिनधास्त लिहा.

आणखी दोन गोष्टींत मुलं हमखास अडकतात. ३२ बिटच्या इंटमध्ये (पूर्णांक ठेवायच्या नेहमीच्या प्रकारात) २,१४,७४,८३,६४७ हून मोठा आकडा मावत नाही, त्यामुळे बेरीज-गुणाकार मोठे होणार असतील तर सी++ मध्ये लाँग लाँग आणि जावात लाँग वापरा. आणि पायथॉनमध्ये रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याची) मर्यादा मूळची १,००० असते, लांब साखळीच्या ट्रीवर कोड तिथेच कोसळतो. पूर्ण उत्तर सुचत नसेल तर साधं, संथ उत्तर लिहून सबमिट करा. बऱ्याच चाचण्यांत जितके टेस्ट केस (तपासणीची उदाहरणं) पास होतील तितके गुण मिळतात.

पायरी ५: वीज, रेंज आणि गणपती

निवडीचा हंगाम नेमका आपल्या पावसात आणि गणपतीत येतो. ही अडचण पुण्या-मुंबईच्या मुलांना नसते, म्हणून तिची तयारी वेगळी करावी लागते.

लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवा, राउटरला छोटा यूपीएस लावा. पण फक्त घरच्या बॅकअपवर विसंबू नका. वाडीची वीज बराच वेळ गेली की मोबाइल टॉवरची बॅटरीही उतरते. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम जवळ ठेवा आणि दोन्हींचा वेग ज्या खोलीत बसणार तिथेच, त्याच वेळेला, दोन दिवस आधी तपासून बघा. गावात रेंजचा भरवसा नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी मित्राची खोली किंवा कॉलेजची लॅब आधीच मागून ठेवा. प्राचार्यांना लेखी अर्ज दिला की लॅब सहसा मिळते.

गणपतीत घर भरलेलं असतं, आरत्या चालू असतात, मुंबईकर आलेले असतात. चाचणीच्या लिंकला बहुतेक वेळा काही दिवसांची मुदत असते, तेव्हा वेळ तुम्ही निवडा. मुलाखतीची तारीखच त्या दिवसांत आली तर रिक्रूटरला (कंपनीकडून भरती बघणाऱ्याला) नम्रपणे दुसरी तारीख मागा. एकदा आणि वेळेत मागितली तर त्यात वावगं काही नाही. आणि घरी आजी-आजोबांपासून सगळ्यांना आधीच सांगून ठेवा की अमुक ते अमुक वेळ दार वाजवायचं नाही.

रिक्रूटरचा फोन नंबर आणि ईमेल कागदावर लिहून ठेवा. मध्येच कनेक्शन तुटलं तर मोबाइलवरून लगेच दोन ओळी कळवा: काय झालं आणि तुम्ही किती मिनिटांत परत येताय. मुलाखत घेणाऱ्यांना हे नवीन नसतं. न कळवता गायब होणं मात्र महागात पडतं.

पायरी ६: प्रत्यक्ष मुलाखत, बोलत बोलत

साधारण ४५ ते ६० मिनिटांची एक फेरी असते आणि इंटर्नशिपसाठी अशा दोन-तीन फेऱ्या होतात. समोर एक इंजिनिअर, स्क्रीनवर दोघांना दिसणारा एडिटर. कधी त्यात कोड चालवताही येत नाही. आपण एक प्रश्न शेवटपर्यंत सोडवून बघू.

प्रश्न असा: 'आंब्याच्या पेट्यांची वजनं एका यादीत दिली आहेत. टेम्पोत नेमकी २५ किलोची जागा उरली आहे. बेरीज बरोबर २५ होईल अशा दोन पेट्या शोधा.' यादी: १२, ७, २०, ५, १८, ३.

लगेच टाइप करायला लागू नका. आधी प्रश्न तुमच्या शब्दांत परत सांगा आणि शंका विचारा. वजनं पूर्णांकच आहेत का? यादी सॉर्ट केलेली आहे का? एकापेक्षा जास्त जोड्या असतील तर सगळ्या हव्यात की एक चालेल? (इथे ७ आणि १८ याही जुळतात, २० आणि ५ याही.) जोडी नसेलच तर काय परत करायचं? तीच पेटी दोनदा घेता येईल का? या प्रश्नांनी वेळ वाया जात नाही. मुद्दाम अपुरा ठेवलेला प्रश्न तुम्ही नीट करून घेताय का, हेच तिथे पाहिलं जातं.

मग साधा उपाय तोंडाने सांगा: 'प्रत्येक पेटी दुसऱ्या प्रत्येक पेटीबरोबर ताडून बघेन. दोन लूप, वेळ एन वर्ग, एन म्हणजे पेट्यांची संख्या. लहान यादीला चालेल, लाखभर पेट्यांना नाही.' एवढं बोललात की हाती एक बरोबर उत्तर आहे आणि ते का पुरत नाही हेही तुम्हाला कळतं, हे दोन्ही समोर पोचलं.

आता सुधारणा. १२ ची पेटी हातात असेल तर मला नेमकी १३ ची हवी. म्हणजे प्रश्न 'जोडी शोधा' असा न राहता 'हा आकडा आधी येऊन गेला का' असा होतो आणि त्यासाठी हॅशमॅप आहे, म्हणजे नोंदवलेला आकडा झटकन शोधून देणारी वही. उदाहरणावर चालवून दाखवा: १२ आली, १३ पाहिजे, नाही, १२ नोंदवली. ७ आली, १८ पाहिजे, अजून नाही, ७ नोंदवली. २० आली, ५ पाहिजे, नाही, २० नोंदवली. ५ आली, २० पाहिजे, आहे. उत्तर २० आणि ५. यादी एकदाच फिरलो, वेळ सरासरी एन, जागाही एन.

मग विचारा, 'हा मार्ग ठीक वाटतो का, कोड लिहू?' होकार मिळाला की लिहायला घ्या आणि लिहिता लिहिता प्रत्येक टप्प्याला काय करताय ते सांगत राहा. यातली एक बारीक जागा: आधी बघायचं, मग नोंदवायचं. क्रम उलटला आणि जागा २४ किलोची असली तर १२ ची एकच पेटी स्वतःशीच जोडी जमवते. ही चूक तुम्ही स्वतःहून बोलून दाखवलीत तर समोरच्याच्या नोंदीत ते येतंच.

कोड झाला की 'झालं' म्हणून थांबू नका. रिकामी यादी, एकच पेटी, सारख्या वजनाच्या दोन पेट्या, जोडी नसलेली यादी, अशी उदाहरणं ओळीओळीने चालवून बघा. चूक सापडली तर शांतपणे दुरुस्त करा.

पुढे वाढीव प्रश्न येतो: 'यादी आधीच सॉर्ट केलेली असेल तर?' ३, ५, ७, १२, १८, २०. एक बोट डावीकडे, एक उजवीकडे. ३ आणि २० म्हणजे २३, कमी पडले, डावं बोट पुढे. ५ आणि २०, पंचवीस. जादा जागा लागली नाही. तिथे हॅशमॅपलाच चिकटून राहणं म्हणजे दिलेली माहिती वापरली नाही असं होतं.

अडलात तर काय? मिनिटभर गप्प बसायची परवानगी मागा: 'लेट मी थिंक फॉर अ मिनिट.' मग काय काय विचार केला आणि तो का सोडला ते सांगा. समोरचा इशारा देतो, तो पकडा. इशारा घेणं कमीपणाचं नाही, इशारा दिल्यावरही आपलंच दामटणं मात्र खटकतं. प्रश्न आधी सोडवलेला असेल तर तसं प्रामाणिकपणे सांगा.

हा सगळा संवाद बहुधा इंग्रजीत होतो आणि मराठी माध्यमाच्या मुलांना त्याचीच धास्ती असते. तुमच्या उच्चारांवर कुणी गुण कापत नाही. छोटी, साधी वाक्यं पुरतात: 'फर्स्ट आय विल ट्राय द सिंपल वे.' 'कॅन आय अझ्यूम द लिस्ट इज सॉर्टेड?' 'धिस विल बी स्लो बिकॉज...' मात्र ती जिभेवर बसलेली हवीत. रोज एक प्रश्न मोठ्याने बोलत सोडवा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. आठवड्यातून दोनदा मैत्रिणीबरोबर किंवा मित्राबरोबर आलटून पालटून मुलाखत घ्या. घेणाऱ्याच्या खुर्चीत बसलात की गप्प उमेदवार किती अवघड जातो ते लगेच कळतं. माझ्या मते तयारीच्या शेवटच्या महिन्यात नवे प्रश्न कमी आणि हा सराव जास्त असावा.

पायरी ७: स्वभावाचे प्रश्न

'एखाद्या अडचणीच्या वेळी तुम्ही काय केलंत?' 'मतभेद झाला तेव्हा?' अशा प्रश्नांना पाठ केलेली उत्तरं देऊ नका. तुमच्याकडे खरे प्रसंग आहेत. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा मदतीच्या सामानाची यादी कुणीतरी ठेवली होती, वाटप कुणीतरी लावून दिलं होतं. गणपती मंडळाचा हिशेब, गावच्या क्रिकेट स्पर्धेचं वेळापत्रक, घरचा आंबा ऑनलाइन विकायचा प्रयत्न, हे सगळं चालतं. सांगताना परिस्थिती दोन वाक्यांत आटपा, तुम्ही स्वतः काय केलंत ते सविस्तर सांगा आणि शेवटी काय निष्पन्न झालं ते. सगळ्यांनी मिळून केलेल्या कामातही तुमचा वाटा वेगळा काढून सांगा. तो बढाईखोरपणा होत नाही.

शेवटी 'काही विचारायचंय?' असं विचारतील. इंटर्नला कसलं काम मिळतं, कोड रिव्ह्यू कसा होतो, हे विचारा. पगाराचं रिक्रूटरशी बोला.

पायरी ८: निकालानंतर

हल्ली फेऱ्या बहुतेक ऑनलाइनच होतात, पण ऑफिसला बोलावलं तर आदल्या दिवशी पोचा. पावसात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि घाटात दरड आली तर रस्ताही अडतो. रात्रीच्या कोकणकन्येने पहाटे उतरून थेट मुलाखतीला जाण्याचा बेत करू नका.

नकार आला तर त्याच दिवशी विचारलेले प्रश्न वहीत उतरवून काढा आणि न जमलेले सोडवा. बऱ्याच कंपन्यांत सहा महिने ते वर्षभराने पुन्हा अर्ज करता येतो.

होकार आला तर आधी ईमेलचा पत्ता कंपनीच्या खऱ्या डोमेनचा आहे का ते तपासा. नोंदणी फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे असं काहीही मागितलं तर ती फसवणूक आहे, कारण कुठलीही नीट कंपनी इंटर्नकडून पैसे घेत नाही. मग सुरुवातीची तारीख तुमच्या विद्यापीठाच्या परीक्षेशी ताडून बघा आणि टक्कर होत असेल तर रिक्रूटरला लगेच सांगा, परीक्षेच्या आठवड्यात नको. राहण्याची सोय किंवा प्रवासखर्च मिळतो का, इंटर्नशिपनंतर पीपीओ (पदवीनंतरच्या कायम नोकरीची ऑफर) द्यायची पद्धत आहे का, हेही याच वेळी विचारून घ्या. कॉलेजकडून एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोनाफाइड (तुम्ही तिथले विद्यार्थी असल्याचा दाखला) मागा. सही व्हायला वेळ लागतो, म्हणून विभागप्रमुखांना ऑफर आली त्याच आठवड्यात भेटा. आधार आणि बँक खात्यावरचं नाव एकसारखं आहे का बघा. पॅन काढलेलं नसेल तर आधारवरून ई-पॅन ऑनलाइन आणि फुकट मिळतं. स्टायपेंड जमा होण्याआधी कंपनी ते मागणारच.